फुंकल्याशिवाय सुरू न होणारी गाडी

दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्या माणसाचे लायसन सहा महिन्यांसाठी रद्द झाले, तर तो सहा महिने गाडी चालवत नाही का? वालूर, सेलू, जिंतूर या आपल्या भागात या प्रश्नाचे उत्तर शाळकरी मुलालाही माहीत आहे. तो चालवतो. दूध डेअरीवर घालायचे असते, बाजाराला माल न्यायचा असतो, लेकराला कॉलेजला सोडायचे असते. नाक्यावर पोलीस उभे नसले म्हणजे झाले.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेतही लायसन गेलेले कितीतरी लोक गाडी चालवतच राहतात, हे तिथल्या सरकारांच्या लक्षात आले. लायसन हा कागद आहे. कागद काढून घेतल्याने गाडी थांबत नाही. त्यातून एक वेगळा विचार पुढे आला: शिक्षा झालेल्या माणसाला गाडी चालवू द्यावी, पण तो प्यालेला असेल तर गाडीच सुरू होऊ नये. या यंत्राला इग्निशन इंटरलॉक म्हणतात. आम्ही महिलांच्या बैठकीत त्याला ‘फुंकेचे कुलूप’ म्हणतो, कारण ते तेवढेच आहे. १९८६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने त्यासाठी कायदा केला. २००५ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या प्रत्येकाला ते सक्तीचे केले. आज अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात याविषयी कोणता ना कोणता कायदा आहे.

मोबाइलपेक्षा थोडे मोठे असे हे यंत्र स्टिअरिंगजवळ बसवतात आणि त्याची वायर गाडीच्या स्टार्टरच्या जोडणीत जाते. चावी फिरवली तरी सेल्फ लागत नाही. आधी यंत्राच्या नळीत काही सेकंद एकसारखे फुंकावे लागते. वरवर फुंकून चालत नाही, कारण यंत्राला फुप्फुसाच्या तळातली हवा हवी असते. रक्तातली दारू फुप्फुसात हवेला भेटते आणि तिचा ठराविक अंश श्वासात उतरतो. म्हणूनच तोंडाचा वास बडीशेपेने किंवा गुटख्याने झाकला, तरी खोलवरचा श्वास खरे तेच सांगतो. यंत्रात प्लॅटिनमचा पातळ थर असलेला एक सेल असतो. श्वासातल्या अल्कोहोलची त्यावर रासायनिक क्रिया होऊन बारीकशी वीज तयार होते. अल्कोहोल जितके जास्त, तितकी वीज जास्त. पोलिसांच्या चांगल्या ब्रेथ ॲनालायझरमध्येही हाच प्रकार असतो.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण २० मिलिग्रॅम अल्कोहोल आढळले की गाडी सुरू होत नाही. मग दुसऱ्याला फुंकायला लावले तर? ही पळवाट तिथल्या लोकांनीही शोधली होती. त्यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी यंत्रासोबत कॅमेरा असतो, तो फुंकणाऱ्याचा फोटो काढतो. गाडी सुरू झाल्यावरही अधूनमधून पुन्हा फुंकण्याची सूचना येते, म्हणजे सुरू करून नंतर पिण्याची सोय राहत नाही. पुन्हा फुंकले नाही किंवा नापास झाले, तर यंत्र चालते इंजिन बंद करत नाही, कारण भर रस्त्यात गाडी बंद पडली तर त्यातूनच अपघात होईल. ते हॉर्न वाजवते, दिवे लावते आणि नोंद करून ठेवते. ठराविक दिवसांनी यंत्र तपासणीला न्यावे लागते. तिथे ही सगळी नोंद उतरवून घेतात आणि कोर्टाच्या माणसाकडे पाठवतात.

याचा उपयोग होतो का? होतो. यावर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र गाडीत असेपर्यंत त्याच गुन्ह्यात पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण सुमारे ६७ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पण त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. मुदत संपून यंत्र काढले, की बहुतेक लोक पुन्हा पहिल्यासारखेच वागू लागतात. कुलूप गाडीला होते, पिण्याला नव्हते. व्यसनावर उपचार झाला नाही, तर आपण अपघात फक्त पुढे ढकलला.

युरोपातल्या काही देशांनी शिक्षेपर्यंत वाट पाहिलेली नाही. फिनलंडमध्ये २०११ पासून शाळेच्या मुलांना नेणाऱ्या गाड्यांत हे यंत्र असावे लागते. फ्रान्समध्ये २०१५ पासून प्रवासी बसगाड्यांना ते सक्तीचे आहे. स्वीडनमध्ये कितीतरी ट्रक आणि बस कंपन्या आपणहून बसवतात. तिथल्या चालकाला त्यात अपमान वाटत नाही, कारण गुन्हा केलेला आणि न केलेला असे दोघेही सारखेच फुंकतात.

आपला कायदा काय म्हणतो

आपल्या मोटार वाहन कायद्यात इंटरलॉकची अट नाही. कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय कलम २० प्रमाणे दोषी ठरल्यावर कोर्टाला किमान सहा महिने लायसनसाठी अपात्र ठरवावे लागते.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती, हे आम्हाला वारंवार विचारले जाते. ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असते. ६० किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला, तर रक्तातले प्रमाण पंचविशीच्या आसपास जाते. दुसऱ्या पेगला तो कायद्याच्या मर्यादेबाहेर गेला. एक क्वार्टर, म्हणजे असे सहा पेग, लवकर संपवली तर आकडा १४० च्या पुढे जाऊ शकतो. बाईच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असल्याने तेवढ्याच दारूने तिचा आकडा आणखी वर जातो. हातभट्टीचा हिशेब कोणीच देऊ शकत नाही, कारण तिच्यात किती आणि काय आहे ते गाळणाऱ्यालाही माहीत नसते.

आता उतरण्याचा वेग पाहा. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवते. माणसामाणसात थोडा फरक असतो, पण घाई करण्याचा उपाय नाही. थंड पाण्याची आंघोळ, लिंबू, ताक, काळा चहा, उलटी, यातल्या कशानेही वेग वाढत नाही. लग्नाच्या रात्री बारा वाजता ज्याच्या रक्तात १५० होते, त्याच्या रक्तात सकाळी सात वाजता अजून ४५ असू शकते. तो झोपून उठलेला असतो, तोंड धुतलेले असते, ‘आता काय नाही’ असे तो मनापासून म्हणतो. आणि पिकअपमध्ये माणसे भरून निघतो. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला नेहमीपेक्षा फक्त अर्धा सेकंद जास्त लागला, तरी गाडी सात मीटर पुढे गेलेली असते. म्हैस रस्त्यात आडवी आली, तर सात मीटर पुष्कळ होतात.

रक्ताची बाटली

आम्ही नर्सिंगमधून आलो, म्हणून या भागाविषयी थोडे सविस्तर लिहितो. कायद्याने या गुन्ह्यात अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. प्रमाण श्वासातून मोजता येते आणि रक्त तपासूनही. बाईची तपासणी असेल तर बाई हजर असावी लागते. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसायची नसते. नेहमीच्या सवयीने बोळा स्पिरिटचा घेतला, तर आरोपीचा वकील कोर्टात तेवढाच मुद्दा धरतो. रक्त साध्या नळीत ठेवायचे नसते. सोडियम फ्लोराइड घातलेली, बहुधा करड्या टोपणाची नळी लागते. फ्लोराइडमुळे नळीतल्या जंतूंची वाढ थांबते. ते नसेल तर जंतू रक्तातल्या साखरेपासून नवे अल्कोहोल तयार करू शकतात किंवा असलेले कमी करू शकतात. मग सील, लेबल, वेळ, सह्या. वेळ लिहिणे सर्वांत महत्त्वाचे. आडरस्त्यावरचा अपघात, पोलीस यायला तास, गाडी मिळायला तास, डॉक्टर यायला तास. तीन तासांत ४५ मिलिग्रॅम उतरून गेलेले असते. वेळेची नोंद असेल तर तज्ज्ञ मागचा हिशेब मांडू शकतो. नसेल तर सारे संपले.

अपघातात आपले माणूस गेले असेल, तर नातेवाइकांनी पोलिसांना हे विचारायला मागेपुढे पाहू नये: समोरच्या चालकाचे रक्त घेतले का, किती वाजता घेतले, पंचनाम्यात त्याची नोंद आहे का. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवले. चालवणारा अल्पवयीन होता. त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली, हे सगळ्या महाराष्ट्राने वाचले आहे. नळीवरचे एक लेबल किती मोलाचे असते, ते त्या प्रकरणाने दाखवले.

त्याही आधी १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. रस्त्याचे काम करणारे आणि रस्त्याच्या कडेलाच झोपणारे ते लोक होते. चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल निघाले, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. खालच्या कोर्टाने सहा महिने कैद दिली होती. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ॲलिस्टर परेरा खटल्यात तीच कायम ठेवली. दारूचा विषय निघाला की आपल्या वस्त्यांकडे बोट दाखवणाऱ्यांना आम्ही या दोन घटनांची आठवण देतो. गाडी कोणाची होती आणि चाकाखाली कोण आले, ते पाहावे.

पण म्हणून आपल्या घरातले झाकून ठेवायचे असे नाही. आपली बरीच तरुण पोरे टमटम, छोटा हत्ती, पिकअप चालवून पोट भरतात. काहींनी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचे कर्ज घेतले आहे, काहींनी फायनान्स कंपनीचे. अशा पोराचे लायसन सहा महिने गेले तर हप्ता कोण भरणार? दारूच्या नशेत गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा नाकारला जातो. समोरच्या माणसाची भरपाई कंपनीने दिली, तरी ती मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग तिला मोकळा असतो. घर, शेताचा तुकडा, बायकोचे मंगळसूत्र, सगळे एका रात्रीत पणाला लागते. म्हणून आमचे मत असे आहे की पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला, पहिल्या गुन्ह्यात आणि कोणाला इजा झालेली नसताना, लायसन काढून घेण्याऐवजी इंटरलॉक बसवून चालवू देणे जास्त न्यायाचे ठरेल. तो कमावत राहील आणि रस्ताही सुरक्षित राहील. मात्र अमेरिकेत बहुतेक ठिकाणी यंत्राचे भाडे आणि तपासणीचा खर्च दोषी माणसाकडूनच घेतात. आपल्याकडे तसे केले तर पैसेवाल्याला यंत्र मिळेल आणि गरिबाला कैद. समाजकल्याणच्या योजनेतून खर्च भागवल्याशिवाय हा कायदा आपल्या कामाचा नाही.

आणखी एक अडचण आहे. ही यंत्रे मुख्यतः मोटारींसाठी आहेत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यात सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा होता. आपल्या रस्त्यांवरही मोटारसायकलच जास्त. तिला किक मारली की झाले. ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून कामाला जाणाऱ्या बायांच्या बाबतीतही परदेशातला कायदा काही करू शकत नाही.

चावी फिरण्याआधी

यंत्र येईल तेव्हा येईल. त्यातली घेण्यासारखी गोष्ट एवढीच की तपासणी गाडी सुरू होण्याआधी होते. पोलीस नंतर तपासतात, डॉक्टर त्याहून नंतर. ‘आधी’ची जागा आपल्या हातात आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला, ६ डिसेंबरला मुंबईला आपल्या गावागावांतून गाड्या जातात. रात्रभराचा प्रवास असतो. विहार समितीने गाडी ठरवतानाच मालकाला सांगावे की निघण्याआधी चालकाची श्वास तपासणी होईल आणि परतीच्या वेळी पुन्हा होईल. हातात धरायचे ब्रेथ टेस्टर बाजारात मिळते. घेताना ‘फ्युएल सेल’ प्रकारचे मागावे. स्वस्तातली साधी यंत्रे दुसऱ्या वाफांनाही फसतात. मधुमेह फार वाढलेल्या माणसाच्या श्वासातल्या ॲसिटोनलाही ती दारू समजू शकतात. तोंडात नुकतेच काही घेतले असेल तर चूळ भरायला लावून पंधरा मिनिटे थांबावे. आणि अध्यक्षापासून चालकापर्यंत ज्याच्या हातात स्टिअरिंग जाणार, त्या प्रत्येकाने फुंकावे. एकट्या चालकालाच फुंकायला लावले तर तो अपमान होतो आणि पुढच्या वेळी गाडी मिळत नाही.

लग्नात आम्ही दुसरे सुचवतो. वराती निघण्याआधी गाड्यांच्या चाव्या एका परातीत जमा कराव्यात आणि परात घरच्या मोठ्या बाईने सांभाळावी. आत्याबाईंकडून चावी परत मागताना समोर उभे राहून बोलावे लागते, आणि तेवढे बोलणे पुष्कळदा पुरते. एप्रिलमधल्या जयंतीच्या मोटारसायकल रॅलीसाठीही आम्ही हेच म्हणतो. ज्या महामानवाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा घातली, त्याच्या जयंतीत पिऊन गाडी पळवायची आणि वर निळा झेंडा लावायचा, हे आम्हाला सहन होत नाही. पंचशीलाचे पाचवे शील मद्याला ‘पमादा’शी, म्हणजे गाफीलपणाशी जोडते. गाडीच्या चाकावर तो अर्थ अगदी शब्दशः लागू होतो.

गावात दुकानच नको असेल तर तोही मार्ग आहे. एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के बायांनी सह्या देऊन मागणी केली, की मतदान घेता येते आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते.

कुलूप काढल्यावर

राहिला तो माणूस, ज्याला रोज लागतेच. त्याच्यासाठी शरीराच्या आत बसवायचे एक कुलूप औषधात आहे. डायसल्फिराम नावाची गोळी. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर दारूचे पचन अर्ध्यावर अडते आणि एक विषारी पदार्थ रक्तात साठतो. तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो. या भीतीने माणूस दूर राहतो. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो.

इथे बायांना आमची कळकळीची विनंती आहे. ही गोळी किंवा ‘दारू सोडवण्याचे औषध’ म्हणून विकली जाणारी कोणतीही पूड नवऱ्याच्या भाजीत, चहात चोरून घालू नका. त्याला माहीत नसते, तो नेहमीसारखा क्वार्टर पितो आणि जीव जाऊ शकतो. ही गोळी त्याच्या संमतीने, यकृत आणि हृदय तपासून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी दुसरी औषधेही आहेत.

दुसरी गोष्ट, रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो. दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेली माणसे दिसू लागतात, ताप चढतो, माणूस स्वतःला ओळखत नाही. लोक त्याला बाहेरचे समजून मांत्रिकाकडे नेतात. तो दवाखान्याचा रुग्ण आहे, आणि उपचार न मिळाल्यास मरू शकतो. अशा वेळी १०८ ला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर ‘ग्लुकोज लावा’ असा आग्रह धरू नका. सतत पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व संपलेले असते. ते आधी न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. किती दिवसांपासून, रोज किती आणि शेवटची केव्हा घेतली, एवढे तीन आकडे डॉक्टरांना खरे सांगा. नवऱ्याची अब्रू जाईल म्हणून बायका अर्धे सांगतात आणि औषधाचा डोस चुकतो.

व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत फोन १४४४६ आहे. मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६ वर मराठीतून बोलता येते. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाचा केसपेपर मागावा. पहिल्या खेपेला माणूस यायला तयार नसेल, तर घरच्यांनी एकटे जाऊन सल्ला घेतला तरी चालतो. जाताना त्याच्या चालू गोळ्यांची पाकिटे, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या असतील तर त्याही, पिशवीत घालून न्याव्यात.